मागचं चाक जमिनीला धरून

सह्याद्रीतल्या पायवाटांवर सायकल घालणाऱ्याची दगडांशी ओळख फार लवकर होते. जमिनीत रुतून बसलेला काळा बेसॉल्ट भला. कोरडा असला की टायर त्याला धरून राहतो. त्यावर पसरलेला मुरूम तितका भला नाही. वळणावर तो पुढचं चाक बाहेर नेतो. आणि ओढ्याच्या पात्रात, घाटवाटांच्या नाळेत पडलेले मुठीएवढे सुटे धोंडे चाकाखालून कधी कुठे सरकतील याचा नेम नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर हे तिन्ही प्रकार एकाच फेरीत भेटतात. खाणीच्या कडेची सपाट वाट आहे, ग्लिरिसिडियाच्या झाडीतून पाषाणकडे उतरणारी मुरमाड वाट आहे, आणि मधूनमधून उघड्या खडकाचे टप्पे आहेत.

या वाटांवर मी बरीच वर्षं हार्डटेल चालवली. पुढे शॉक, मागे कडक फ्रेम. हार्डटेलचं खरं दुखणं उतारावर कळतं असं लोक समजतात. मला ते चढावर कळलं. चढावर आपण सीटवर बसून पेडल मारत असतो, वजन मागच्या चाकावर असतं, आणि समोर चार इंचांचा दगड येतो. पुढचं चाक कसंबसं चढवता येतं. मागचं चाक त्याच दगडावर आदळतं, उडतं, क्षणभर हवेत राहतं. त्या क्षणात पायांची ताकद जमिनीपर्यंत पोहोचत नाही. चाक नुसतं फिरतं, वेग मरतो आणि पाय खाली टेकावा लागतो. मांड्यांत अजून जोर असतो, छातीत श्वास असतो, तरी सायकल थांबलेली असते.

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलीचं मोल मला इथे दिसतं. मागचा शॉक पाठीला आराम देतो हे खरंच आहे, पण तो आराम वरकड आहे. शॉकचं मुख्य काम मागचं चाक जमिनीला टेकवून ठेवणं. दगडावर चाक वर येतं, दगड संपला की खाली जातं, आणि वर बसलेला माणूस जवळजवळ आपल्या जागी राहतो. टायर जमिनीवर असेल तरच पेडल उपयोगी, ब्रेक उपयोगी, आणि हँडल वळवण्यालाही अर्थ. बजेट बेताचं असताना सायकल निवडायची तर प्रत्येक भागाला हा एकच प्रश्न विचारावा असं मला वाटतं: हा भाग मागचं चाक जमिनीवर ठेवायला मदत करतो का?

टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली पुरुषांची क्रॉसकंट्री, म्हणजे चढ-उतारांच्या कच्च्या वाटांवरची सायकल शर्यत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने जिंकली ती फुल सस्पेन्शन सायकलवर. क्रॉसकंट्रीचे खेळाडू एकेका ग्रॅमचा हिशेब ठेवतात. तरी ते मागचा शॉक, त्याची लिंक, सांधे आणि बेअरिंगं असं सगळं वजन चढावर वाहून नेतात. दीड तासाच्या शर्यतीत पाठ दुखू नये एवढ्यासाठी कोणी हे करणार नाही. चाकाची पकड त्यांना वजनापेक्षा महाग वाटते, हे त्यामागचं कारण.

माउंटन बाइकिंग या खेळाची सुरुवात झाली तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर काही तरुणांनी ऑक्टोबर 1976 मध्ये पहिली रीपॅक शर्यत लावली. सायकली 1930-40 च्या दशकातल्या जुन्या, जाड टायरच्या. शॉक कुठेच नाही. ब्रेक मागच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबून लागणारा. सुमारे 1300 फुटांच्या उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर नवीन भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं, रीपॅक म्हणजे पुन्हा भरणं. पुढचा शॉक बाजारात यायला 1989 उजाडलं. रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-1 हा फोर्क, म्हणजे पुढचा शॉक, आला, त्याला 48 मिलिमीटर ट्रॅव्हल होतं, म्हणजे चाक तेवढंच वर येऊ शकायचं. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या दुरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि ग्रेग हर्बोल्ड त्या फोर्कवर डाउनहिलचा जगज्जेता झाला. 48 मिलिमीटरवर! आजची बेताच्या किमतीची ट्रेल सायकलही त्याच्या अडीचपट ट्रॅव्हल देते. 100 की 120, 130 की 150 अशा चर्चा रंगतात तेव्हा मला हा आकडा आठवतो. आपल्या हातात येणारी सायकल मुळातच खूप काही घेऊन येते. फक्त ती आपल्या वाटेला जुळली पाहिजे.

हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं ते भाचीमुळे. ती कोथरूडला राहते, बाणेरला नोकरी करते. म्हणाली, "मामा, मला एकच सायकल हवीये. सगळ्याला चालेल अशी. फुल सस्पेन्शन. दीड लाखाच्या वर एक रुपया नाही."

"सगळ्याला म्हणजे कशाकशाला?"

तिने यादी सांगितली. रोज ऑफिस. आठवड्यातून दोन सकाळी टेकडी. रविवारी मुळशी, ताम्हिणी, जमलं तर मावळातल्या कच्च्या वाटा. पुढच्या वर्षी मैत्रिणींबरोबर स्पिती, सामान बांधून.

मिश्र रायडिंगसाठी सायकल हवी असं म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक यादी असते, आणि तिच्यातली दोन कामं तरी त्या सायकलीची नसतात. स्पिती मी आधी काढलं. तिथले रस्ते कच्चे आहेत, खडबडीत आहेत, पण ते जीपचे रस्ते आहेत. तिथे दिवसभर सामान वाहायचं असतं. बहुतेक फुल सस्पेन्शन फ्रेमला कॅरियर बसत नाही, मागचा त्रिकोण हलता असल्यामुळे साधा कॅरियर बसवूही नये, आणि मधल्या त्रिकोणात शॉक असल्याने बाटलीपुरतीसुद्धा जेमतेम जागा उरते. स्पितीला हार्डटेल न्यावी, भाड्याने मिळाली तरी चालेल. मग मी ऑफिस काढलं. तिच्याकडे जुनी हायब्रिड आहे, चांगली पळते. रोज सिग्नलला थांबत, खड्डे चुकवत, सोसायटीच्या आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये उघड्यावर उभी राहणारी सायकल महागडी असू नये. डांबरी रस्त्यावर 2.4 इंची टायर झिजतात, सांधे विनाकारण हलतात आणि हाती काही लागत नाही. यावर ती थोडी नाराज झाली. एकाच सायकलीत सगळं बसवण्याची ओढ मला समजते. घरात जागा कमी असते, पैसा एकदाच उभा राहतो. पण जुनी सायकल विकून तिला सहा-सात हजार मिळाले असते, आणि त्यासाठी नवीची निवड बिघडली असती.

उरलं काय? टेकडी, मावळातल्या वाटा, आणि तिथवर पोचण्यापुरता रस्ता. हे खरं मिश्रण. यात चढ आहे, तांत्रिक उतार आहे, पंधरा-वीस किलोमीटर डांबर आहे. मोठ्या उड्या नाहीत, बाइक पार्क नाही. एवढ्याला मागे 120 ते 130 मिलिमीटर आणि पुढे 130 ते 140 पुरतं. ट्रॅव्हल जास्त असलं की सायकल जास्त चांगली, असं दुकानात सहज बोललं जातं. 160 मिलिमीटरची एन्ड्युरो, म्हणजे मोठ्या तीव्र उतारांसाठीची सायकल आपल्या टेकड्यांवर चढताना जड जाते, सपाटीवर सुस्त वाटते, आणि तिला जाग येण्याएवढा उतार पुण्याच्या आसपास फार थोड्या ठिकाणी आहे. मागे 100 ची शर्यतीची सायकल चढावर उत्तम, पण ती चालवणाऱ्याकडून सतत कौशल्य मागते. 130 ला मी मधला मार्ग म्हणून पसंती देत नाही. आपले दगड मुठीएवढे ते नारळाएवढे आहेत, आणि त्या मापाला हे ट्रॅव्हल बरोबर बसतं.

आता पैशाचं. आपल्या बाजारात दहा-पंधरा हजारांपासून "डबल शॉकर" सायकली मिळतात. शाळकरी मुलांना त्या फार आवडतात आणि दिसायला त्या खरोखर रुबाबदार असतात. त्यांच्या मागे असते ती उघडी स्प्रिंग. स्प्रिंग दाबली की ताकद साठवते आणि सोडली की तेवढीच परत देते. ती परत येणारी ताकद कुठेतरी जिरवावी लागते. त्यासाठी शॉकच्या आत तेल असतं, ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं, ताकदीची उष्णता होते आणि हालचाल थांबते. हे डॅम्पिंग. ते नसेल तर चाक दगडावरून आल्यावर एकदा, दोनदा, तीनदा उसळत राहतं. म्हणजे ज्या कामासाठी शॉक लावला नेमकं त्याच्या उलट घडतं. वर ही सायकल 18-20 किलो भरते आणि सांध्यांत बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकची बुशिंगं असतात, ती एका पावसाळ्यात ढिली होतात. कोणाचं बजेट तीस-चाळीस हजार असेल तर त्याने मागच्या शॉकचा विचार मनातून काढून टाकावा आणि चांगली हार्डटेल घ्यावी, हे मी कळकळीने सांगतो. सत्तर-ऐंशी हजारांत एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा पुढचा शॉक, आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची हार्डटेल येते, ती आयुष्यभर आनंद देईल.

दुकानात डॅम्पिंग तपासायला काही लागत नाही. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन सायकल दाबा आणि सोडा. चांगला शॉक वर येतो आणि थांबतो. स्प्रिंगवाला वर येतो, पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो.

खरी फुल सस्पेन्शन आपल्याकडे साधारण दीड-दोन लाखांच्या घरात सुरू होते. त्याला कारण आहे. अशा बहुतेक सायकली परदेशातून येतात. 2023 च्या अर्थसंकल्पात आयात सायकलींवरचं मूळ सीमाशुल्क 30 वरून 35 टक्के झालं. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. जगभर बेताच्या किमतीची फुल सस्पेन्शन म्हटलं की काही नावं पुन्हा पुन्हा येतात: इंडोनेशियाच्या पॉलिगॉनची सिस्कियू, तैवानच्या जायंटची स्टान्स, अमेरिकेच्या मरिनची रिफ्ट झोन. मरिन हे नाव त्याच काउंटीचं, जिथे रीपॅक शर्यत झाली. आपल्या दुकानांत यातली प्रत्येक सायकल प्रत्येक वेळी असेल असं नाही, आणि असली तर आपल्या मापाची असेल असंही नाही.

दीड लाखात भाचीला नवी चांगली सायकल मिळणं अवघड दिसत होतं, म्हणून आम्ही जुनी शोधायचं ठरवलं. जुनी घेताना नेमका कशाला पैसा द्यायचा हे आधी पक्कं करावं लागतं. माझं उत्तर फ्रेम. गिअर बदलता येतात, ब्रेक बदलता येतात, फोर्कसुद्धा बदलता येतो. फ्रेमचे कोन आणि सांध्यांच्या जागा बदलत नाहीत. हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा जमिनीशी कोन, 65 ते 66 अंशांच्या आसपास असावा. जुन्या 69-70 अंशांच्या सायकली तीव्र उतारावर पुढे कोलमडायला बघतात. सीट ट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, 75-76 अंशांची, म्हणजे चढावर आपण पेडलच्या वर बसतो आणि पुढचं चाक उचललं जात नाही. मागचा ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, 12 बाय 148 मिलिमीटर, पुढचा 15 बाय 110, या मापाला बूस्ट म्हणतात, म्हणजे पुढची काही वर्षं चाकं आणि फोर्क सहज मिळतील. आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, हँगर यूडीएच असेल तर फार बरं. हा हँगर म्हणजे पडलं की आधी वाकायचा असा मुद्दाम नरम ठेवलेला तुकडा. पूर्वी प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असायचा आणि तो मोडला की परदेशातून येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून. 2019 मध्ये सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने सगळ्यांना वापरता येईल असा एकच हँगर काढला, तो हा यूडीएच. आपल्याकडे, जिथे सुटे भाग ही खरी अडचण आहे, हा छोटा तुकडा मला महागड्या गिअरपेक्षा मोलाचा वाटतो.

मागच्या सस्पेन्शनची रचना किती सांध्यांची, यावर कंपन्या पुष्कळ लिहितात. चार सांध्यांची, दोन लिंकची, एकाच सांध्याची. बजेटमध्ये मला साधी रचना आवडते. जायंटच्या स्टान्समध्ये मागच्या चाकाजवळ सांधाच नाही. ॲल्युमिनियमचे दांडे किंचित लवतात आणि काम भागतं. एक सांधा कमी म्हणजे दोन बेअरिंगं कमी, चिखल शिरायला जागा कमी. उतारावर ब्रेक दाबताना चार सांध्यांची रचना थोडी जास्त मोकळी चालते हे खरं आहे, पण बेअरिंगं खराब झालेल्या चार सांध्यांपेक्षा नीट ठेवलेला एक सांधा चाकाला जमिनीवर जास्त चांगला धरतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला भाचीच्या वजनाने शिकवली. ती 52 किलोची आहे, उंची पाच फूट तीन इंच. बेताच्या किमतीचे शॉक एका ठरावीक माणसाला समोर ठेवून बनवलेले असतात, आणि तो माणूस साधारण 75-80 किलोचा असतो. एअर शॉकमध्ये हवा कमी-जास्त करून स्प्रिंग आपल्या वजनाला जुळवता येते. आपण सायकलवर बसल्यावर शॉक जितका दबतो तो सॅग. मागे तो एकूण मापाच्या 25 ते 30 टक्के ठेवतात. चाकाला 130 मिलिमीटर ट्रॅव्हल आणि शॉकला 50 मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे तो स्वतः तेवढाच दबत असेल, तर शॉकवरचं रबरी कडं साडेबारा ते पंधरा मिलिमीटर सरकलं पाहिजे. इथवर सोपं आहे. अडचण पुढे येते. हलक्या माणसासाठी हवा कमी भरली की शॉकला परत वर ढकलणारा जोरही कमी होतो, पण आतल्या तेलाचा अडथळा तेवढाच राहतो. मग शॉक परत वर येण्याचा वेग, म्हणजे रिबाउंड, ठरवणारा लाल नॉब पूर्ण उघडला तरी शॉक संथ. पहिल्या दगडावर तो दबतो, पूर्ण उघडायच्या आत दुसरा दगड येतो, मग तिसरा. तीन-चार दगडांनंतर शॉक दबलेलाच राहतो आणि सायकल कडक होते. बसणाऱ्याला वाटतं की हवा जास्त झाली, म्हणून तो आणखी कमी करतो आणि त्रास वाढतो. कितीतरी हलके रायडर, विशेषतः मुली, फुल सस्पेन्शन आपल्याला जमत नाही असं समजून हार्डटेलवर परततात. दोष त्यांच्या पायांत नसतो.

म्हणून जुनी सायकल पाहायला जाताना आम्ही शॉक पंप बरोबर नेत होतो. सायकल मालकाच्या परवानगीने तिच्या वजनाचा सॅग लावायचा, रिबाउंड पूर्ण उघडायचा आणि तिला सांगायचं, "बसूनच फुटपाथवरून खाली उतर." सायकल खाली जाऊन झटकन वर आली तर पुढे बोलायचं. सुस्त वर आली तर चहा पिऊन परत. एक सायकल रंगाने, गिअरने, किमतीने तिच्या मनात भरली होती, फोर्कही उत्तम होता. पण शॉक तिच्या वजनाला उघडतच नव्हता. आतली शिम, म्हणजे तेल अडवणारी पातळ चकती, बदलून तो मोकळा करता येतो. ते काम करणारा कुशल माणूस शोधणं, शॉक पाठवणं, वाट पाहणं, हे सगळं बजेटच्या बाहेर गेलं असतं. ती सायकल सोडली.

फोर्कबद्दल थोडक्यात. एअर हवा, कॉइल म्हणजे धातूच्या स्प्रिंगचा नको. 52 किलोच्या माणसाला कंपनीतून येणारी कॉइल स्प्रिंग जवळजवळ नेहमीच कडक पडते. दांड्यांची जाडी 34-35 मिलिमीटर असली तर खडकावर पुढचं चाक भरकटत नाही. त्या दांड्यांवर नख फिरवून पाहावं, ओरखडा नखाला लागला तर तिथून तेल गळणार. गिअरवर मी फार वेळ घालवत नाही. पुढे 32 दात्यांची एकच चकती, मागे 11 ते 51 दात्यांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, शिमानो कंपनीचा डिओर. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये 29 इंची चाक पेडलच्या एका फेरीत साधारण 1.44 मीटर जातं. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटर, माणसाच्या चालीएवढं. सिंहगडाच्या घाटापासून टेकडीच्या सरळसोट चढापर्यंत याच्याखाली काही लागत नाही. ब्रेक हायड्रॉलिक, पुढे 180 मिलिमीटरची डिस्क. ड्रॉपर पोस्ट मात्र हवाच. बटण दाबून सीट खाली घेता येते, उतारावर शरीर मोकळं होतं. जुन्या सायकलीत तो नसेल तर किमतीतून तेवढे कमी करून घ्यावेत. टायर ट्यूबलेस. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आहेत, ट्यूब टिकत नाही, आणि ट्यूबलेसमध्ये वीस-बावीस पीएसआयवर टायर दगडाला लपेटून चालतो. शॉकच्याही आधी जमीन धरतो तो टायर.

शेवटी पिंपरीतल्या एका गृहस्थांकडे मिळाली. मागे 130, पुढे 130, स्मॉल फ्रेम, 27.5 इंची चाकं. काही कंपन्या छोट्या फ्रेमला मुद्दाम 27.5 देतात, कारण 29 इंची मागचं चाक सीट खाली गेल्यावर बुटक्या रायडरच्या अंगाला लागतं. शॉक तिच्या वजनाला मोकळा होता. सीट धरून मागचं चाक किंचित उचललं तर सांध्यात खटखट जाणवली. भाचीचा चेहरा पडला. मी मात्र खूश झालो. शॉक उतरवून मागचा त्रिकोण हाताने हलवला, मुख्य सांधा ढिला होता, बाकी ठीक. वेल्डपाशी, खास करून सीट ट्यूब आणि पेडलचा आस बसतो त्या खालच्या ब्रॅकेटजवळ, बोट फिरवून आणि मोबाइलच्या उजेडात बघून तडा नाही याची खात्री केली. मूळ बिल आणि फ्रेमचा नंबर जुळवला. मग बेअरिंगचे पैसे कमी करून मागितले आणि ते त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले.

सांध्यातलं बेअरिंग 6902 मापाचं निघालं, आत 15, बाहेर 28, रुंदी 7 मिलिमीटर. हे माप सायकलीचं खास नाही, यंत्रांमध्ये सर्रास लागतं, त्यामुळे औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात मिळतं. एक मात्र सांगायला हवं. चाकातलं बेअरिंग गोल फिरतं, सांध्यातलं फक्त काही अंश पुढे-मागे हलतं. त्याच चार-दोन गोळ्यांवर सगळा भार येतो आणि तिथेच खड्डे पडतात. म्हणून सांध्यांसाठी जास्त गोळ्या ठासून भरलेली मॅक्स प्रकारची बेअरिंगं मिळतात, ती घ्यावीत. आमचे सायकलवाले काका यात मुरलेले आहेत. जुनं बेअरिंग ठोकून काढू नका, ओढून काढा, हे त्यांनी मला पूर्वीच शिकवलं होतं. या वेळी त्यांनी ते भाचीकडून करून घेतलं. "आता हे तुझं तू करायचं, ताई," म्हणाले, आणि तिने केलं.

तिने खर्चाची वही केली आहे. रॉकशॉक्स फोर्कचे खालचे पाय दर 50 तासांनी उघडून तेल बदलायला सांगते, शॉकच्या हवेच्या डब्याचे सीलही तेवढ्याच तासांनी. आठवड्याला चार तास चालवली तर तीन महिने. हे काम बाहेर केलं तर दरवेळी पैसे जातात, घरी शिकून केलं तर तेल आणि सील एवढाच खर्च. फुल सस्पेन्शनचं बजेट दुकानाच्या बिलावर संपत नाही, आणि जो हे आधी धरत नाही त्याची सायकल दोन वर्षांत जॅम होते. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड, शॉक पंप आणि सीलंट धरून तिचा आकडा दीड लाखाच्या आत राहिला. काकांची एक सूचना तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे: गाडी धुण्याच्या सेंटरवर सायकल न्यायची नाही. प्रेशरचं पाणी सील ओलांडून बेअरिंगच्या ग्रीसमध्ये जातं. बादली, फडकं, जुना ब्रश.

पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा तिने आपणहून वगळल्या. ती माती टायर आणि मागच्या त्रिकोणाच्या फटीत भरते आणि चाक फिरत नाही; शिवाय ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी सुकल्यावर चालणाऱ्यांच्या पायात येते. टेकडी आधी त्यांची आहे. वळणावर घंटी वाजवायची, वेग कमी करायचा, वाट त्यांना द्यायची. उतारावर मागचा ब्रेक आवळून घसरत जाणाऱ्यांमुळे वाटांची माती वाहून जाते. मागचं चाक जमिनीला धरून असेल तर तसं घसरायची गरजच पडत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. कोणीतरी तिला सांगितलं होतं की फोर्कमधला एअर शाफ्ट, म्हणजे त्याचं ट्रॅव्हल ठरवणारा आतला दांडा, बदलला की 130 चं 140 होतं. "मामा, करू का?" होतं हे खरं आहे. पण फोर्क दहा मिलिमीटर उंचावला की हेड अँगल साधारण अर्धा अंश कमी होतो, सीटचा कोनही तेवढाच मागे झुकतो, आणि ज्या चढांसाठी आपण ही फ्रेम शोधली तिथे पुढचं चाक हलकं व्हायला लागतं. मी तिला म्हटलं, त्या पैशांत पुढचा टायर बदल, जुना कडेने झिजलाय. 2.4 चा, मऊ रबराचा घे, आणि जुना फेकू नकोस, तो मागे टाक.